दीड टनाचा हिशेब

बहात्तर सालचा मे. सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या बंगल्यातला जुना एसी धूर सोडून कायमचा गप्प झाला आणि दोन-तीन दिवसांनी दारात प्रभाकर उभा राहिला. एसीच्या दुकानातून आलेला. हातात मोजायची टेप, कपाळावर घाम.

"खोली बघायला आलोय," तो म्हणाला.

"बघा की. खोली कुठे लाजतेय?"

तो मात्र लाजला. मला ते आवडलं... पण म्हणून मी काही उड्या मारल्या नाहीत. माझा स्वभावच थंड. आई म्हणायची, सुलभाला एसीची गरजच नाही.

बाबा मिलमध्ये विव्हिंग मास्तर. शेजारच्या शेठकडे दोन टनी एसी, म्हणून आपल्यालाही दोन टनीच हवा, असा त्यांचा हट्ट. प्रभाकरने विचारलं, "या खोलीत झोपतात किती जण?"

"आम्ही दोघं," बाबा ऐटीत म्हणाले.

"मग एक टन पुष्कळ झाला, साहेब."

बाबांचा चेहरा पडला. टेपचं दुसरं टोक धरून मी गप्प उभी होते.

फाटकापाशी मात्र मी त्याला गाठलं. "दोघं कसली! अंमळनेरहून धुरपदाआत्या येते, तिच्या सुना, नातवंडं... उन्हाळाभर सगळे त्याच खोलीत पथाऱ्या टाकतात. बाबांना सांगायची लाज वाटते."

"आणि तुम्ही?"

"मी खिडकीखाली. का?"

"नाही, म्हणजे... मोजायला हवं ना —" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग तो येतच राहिला. कधी खिडकीची रुंदी लिहायची राहिली म्हणून, कधी गच्ची किती तापते ते बघायचं म्हणून.

"खिडकी रोज वाढत नाही हो," मी म्हणायचे.

"खात्री केलेली बरी," तो म्हणायचा आणि चहा पुरवून पुरवून प्यायचा.

शेवटी बाबा वैतागले. "उद्या काय तो आकडा सांगा, नाहीतर मी दुसरं दुकान बघतो!"

आकडा ठरला की त्याचं येणं संपलं. दुसऱ्या दिवशी माझा थंडपणा पार कुठल्या कुठे गेला. चहात साखर घालायचीच विसरले. त्याने तो मुकाट्याने संपवला.

"दीड टन," तो म्हणाला.

"दोन का नाही? अहो, एवढे पाहुणे झोपतात इथे!" बाबांच्या तोंडून निघून गेलं.

"पाहुणे धरूनच सांगतोय, साहेब. फार मोठा घेतला तर खोली झटकन गार होईल, मशीन थांबेल, पण सुरतेची दमट हवा तशीच राहील. चादरी ओलसर लागतील. आणि..." तो अडखळला. "घरातलं एक माणूस मी कमी धरलंय."

"कमी? कोण?"

प्रभाकरने माझ्याकडे पाहिलं. झालं! तो पुढे काही बोलणार नव्हता. जे काही बोलायचं ते आता मलाच बोलायचं होतं.

"तुमच्या घरी एसी आहे?" मी विचारलं.

"टेबलफॅन आहे... कुरकुरतो."

"चालेल," मी म्हणाले आणि बाबांकडे वळले. "मी, बाबा. मला कमी धरा."