चितिम्बाच्या किनाऱ्यावर आम्ही थांबलो त्या दुपारी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी तिथे होते. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि रात्री नाही. भर दुपारी, पाऊण वाजता.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. मी मुसोंडा, झांबियात किट्वेला शाळेत शिकवते. माझी धाकटी बहीण चिलेशे एन्डोलाला नर्स आहे. आम्ही दोघी सायकलवरून झांबियाची हद्द ओलांडून मलावीत उतरलो होतो. सलग सहा दिवस सायकल मारली. सातव्या दिवशी चितिम्बाला, समुद्रासारख्या अफाट तळ्याकाठी, वाटसरूंना खोली देणाऱ्या न्यागोंद्वेआजींच्या घरी मुक्काम केला आणि ठरवलं, आज पाय हलवायचे नाहीत.

सकाळी कपडे धुतले. सायकली तळ्यावर नेऊन घासल्या. चेनला तेल दिलं आणि दोन्ही सायकली अंगणात उलट्या करून ठेवल्या, चाकं आकाशाकडे.

"ताई, तू सुट्टीपण वर्गासारखी घेतेस," चिलेशे म्हणाली. "आता घंटा वाजव, म्हणजे मी झोपते."

"झोप. घोरलीस तर बाहेर उभी करीन."

जेवणात कसाव्याच्या पिठाची उकड आणि तळलेले बारीक मासे होते. आजी भांडी घेऊन तळ्यावर गेल्या. चिलेशे आंब्याखाली चटईवर आडवी झाली. मी पायरीवर बसून फाटक्या पिशवीला टाके घालत होते.

वारा नव्हता.

थोड्या वेळाने जाणवलं... कोंबड्या गप्प झाल्या होत्या. तळ्याच्या लाटांचा आवाजही येत नव्हता.

मग ऐकू आलं...

टिक. टिक. टिक.

मी वर पाहिलं. चिलेशेच्या सायकलचं मागचं चाक फिरत होतं.

वाटलं, धक्का लागला असेल. पण नुसतं चाक नाही... पेडलही फिरत होते. सावकाश. चढावर दमलेला माणूस मारतो तसे.

माझी सायकल शेजारीच होती. ती स्थिर.

मी उठले. आणि माझी नजर चटईवर गेली.

झोपेत चिलेशेचे पाय हलत होते.

उजवा पेडल खाली, उजवा पाय खाली. डावा पेडल खाली, डावा पाय खाली. डोळे मिटलेले. धाप लागलेली. ब्लाउज घामाने चिंब.

"चिले! ए चिले, ऊठ!"

गदागदा हलवलं. गालावर मारलं. ती उठेना. ओठ मात्र हलले...

"आले. आले ना."

पेडलचा वेग वाढला.

पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिचा श्वास घशात अडकायला लागला होता. भीतीपेक्षा राग मोठा झाला.

मी धावले आणि दोन्ही हातांनी पेडल धरले.

पलीकडून कुणीतरी जोर लावत होतं... माणसाचा जोर. एकदा ढकलायचं, थांबायचं, पुन्हा ढकलायचं. माझी मनगटं पिरगळली. सोडलं नाही.

"कोण आहेस ते मला ठाऊक नाही!" मी ओरडले. "आज आमची सुट्टी आहे. कळलं? आज ही कुठेही येणार नाही. तुझ्याबरोबर तर नाहीच!"

तेवढ्यात मागे भांडी आदळली. आजी धावत आल्या. काही न विचारता त्यांनी सायकल खांद्याने ढकलून आडवी पाडली.

सगळं थांबलं.

कोंबड्या बोलू लागल्या.

"दुपारी सायकल उलटी ठेवत नाहीत इथे," आजी धापा टाकत म्हणाल्या.

"का?"

"ठेवत नाहीत."

एवढंच. आणि त्या पडलेली भांडी गोळा करायला वळल्या.

चिलेशे उठून बसली. आधी तांब्याभर पाणी प्यायली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "ताई, थांबलो का आपण? तो म्हणाला, एकच वळण राहिलंय."

"कोण तो?"

तिला आठवेना.

तिच्या तळपायांवर लाल धूळ होती. सकाळी तळ्यात पाय धुतलेले. अंगण पांढऱ्या वाळूचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाटेवर चिवेटाचा घाट होता. आजी म्हणाल्या, "पोरींनो, माझा पुतण्या टेम्पोने घाट चढवून देईल. हट्ट नको."

मी हो म्हणणारच होते. चिलेशेने बुटाची नाडी करकचून बांधली.

"काल माझे पाय त्याने वापरले, आजी. आज मी वापरणार."

लाल धुळीचा तो घाट चढलो. ती पुढे, मी तिच्या मागोमाग. शेवटच्या वळणावर ती उतरली, कठड्याशी गेली आणि खाली दरीत तोंड करून ओरडली,

"पोचले मी! माझी मी पोचले!"

त्या घाटात लॉरीचा भोंगा तीन-तीनदा घुमतो. चढताना आम्ही ऐकला होता.

तिचा आवाज घुमला नाही.

एकदाही नाही... जणू कुणीतरी तो मधेच झेलून ठेवून घेतला.

मला अजून त्याचीच धास्ती वाटते. आवाज गेला कुठे? कशाला हवा असेल कुणाला? चिलेशेजवळ विषय काढला की ती हसते.

"ठेवू दे की त्याला," म्हणते. "माझ्याकडे आवाज भरपूर आहे."