बिनबिजागरीचं दार

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो बळवंत सुतार बेटेगावात आमच्या शेजारीच राहतो. थापा मारणाऱ्यातला तो नाही.

गेल्या वर्षीची, मार्गशीर्षातली दुपार. चिंचणीत येसूबाईंच्या घरी.

त्यांच्या मुलाचं, विपुलचं लग्न ठरलं होतं. आतल्या खोलीला दार कधी नव्हतंच, नुसता पडदा. नव्या सुनेला पडदा कसा चालेल, म्हणून बळवंतला बोलावलं. चौकट त्याने आधीच बसवली होती, सिमेंट वाळलं होतं. आता फक्त दार चढवायचं होतं.

येसूबाई अंगणात वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

बळवंतने बिजागऱ्यांचे स्क्रू पिळले. कड रंध्याने तासून घेतली. कुठे घासतंय का ते आतून बघावं म्हणून तो खोलीत शिरला आणि दार लोटलं.

अलगद बसलं.

कडी अजून लावायची होती. कडीसाठी भोकसुद्धा पाडलं नव्हतं.

तरी दार उघडेना...

खारी हवा, लाकूड फुगलं असेल. तो फटीत पटाशी घालायला गेला.

फटच नव्हती.

नाणं सरकेल एवढी फट त्याने स्वतः ठेवली होती. आता नखही जाईना. मग बिजागऱ्याच खोलाव्यात म्हणून तो दुसऱ्या कडेला वळला. दार आत उघडणारं, म्हणजे बिजागऱ्या त्याच्याच बाजूला हव्यात.

तिथे...

सपाट लाकूड. ना स्क्रू, ना खाच.

त्याने हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. दारावर हातोडा घातला.

घाव बसत होता. आवाज होत नव्हता.

बाहेरचं मात्र त्याला सगळं ऐकू येत होतं. येसूबाई कुणाला तरी विचारत होत्या.

"झालं का रं? च्या ठेवू?"

आणि उत्तर आलं...

"नको काकी. घरी जातो. दमयंती वाट बगत आसंल."

आवाज बळवंतचाच होता.

पावलं अंगणातून लांब गेली. खोलीला खिडकी नव्हती, वर एक झरोका. त्यातला उजेड पिवळा झाला, मग तांबडा. बळवंत भिंतीला पाठ लावून त्या दाराकडे बघत बसला.

मग...

कर्र.

दार आपसूक आत आलं. बिजागऱ्या जागच्या जागी.

त्याला बघून येसूबाईंच्या हातातलं सूप पडलं. तो तर कधीच गेला होता. गाडी इथेच ठेवून चालत का गेला, एवढंच त्यांना नवल वाटलं होतं.

बळवंतने बाहेर राहिलेल्या पिशवीतून फोन काढून बायकोला लावला. दमयंती हसली.

"घरातल्या घरात फोन कसला करता? तुमी आतल्याच खोलीत हाय ना?"

"अगं, मी अजून चिंचणीतच हाय," तो म्हणाला. तेवढ्यात, तिच्या मागून...

"कोन हाय गं?"

बळवंत गाडी कशी हाकत आला, त्यालाच ठाऊक. दमयंती तोवर आमच्या ओट्यावर येऊन बसली होती, पांढरीफटक. आम्ही चौघे शेजारी त्यांच्या घरात शिरलो. आतल्या खोलीत कुणी नव्हतं.

गादी मात्र ऊन लागत होती.

येसूबाईंनी ते दार उतरवलं. सून आली, तिने पडदाच लावून घेतला. दार का उतरवलं, ते कुणी तिला सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात मी बळवंतकडे गेलो होतो. दमयंतीने हळूच विषय काढला.

"भावजी, गाडीवरून आलं तेच आपलं माणूस, असं मी तवा मानलं. पन..."

आत बळवंत खोकला. ती लगबगीनं उठली.

मीही उठलो.

हल्ली संध्याकाळी तो कुंपणावरून मला हाक मारतो. नेहमीसारखीच.

मी लगेच ओ देत नाही...