मैनाची पिशवी

"मैना, सोमवारी चादर, तांब्या बांधून तयार राहा. दवाखान्यात जायचंय," असं चिमणाबाईंनी शेवंतीच्या वाफ्यातूनच धाकट्या सुनेला सांगितलं आणि थोरलीच्या, सगुणाच्या छातीत एक कळ आली... पण त्या घरात छातीत काहीही झालं की त्याला गॅस म्हणत, त्यामुळे ती गप्प राहिली.

मखमलाबादचं हे घर देवाच्या फुलांवर जगत होतं. बाई बाहेरची झाली की चार दिवस फुलांना शिवायचं नाही; शिवली तर फुलं कोमेजतात, असं चिमणाबाई सांगत. गणपती-दसरा तर कुणासाठी थांबत नाहीत. म्हणून सत्त्याण्णव साली, सगुणा चौतिशीची असताना, सासूने तिची गर्भपिशवीच काढून आणली. विहिरीवरची मोटर काढतानासुद्धा तिच्या नवऱ्याने, रंगनाथने, मिस्तरीला दोन प्रश्न विचारले होते. बायकोच्या वेळी एकही नाही. घरासाठी एवढं करायलाच हवं, असं सगुणाने स्वतःला समजावलं होतं...

आता चाळिशीत तिला पायरी चढवेना. रंगनाथने सोडा पाजला, चिमणाबाईंनी बेंबीला हिंग लावला. रविवारी ती भरल्या पाटीसकट वाफ्यात कोसळली.

"हृदयविकाराचा झटका आहे," शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गॅसचा नाय ना?" रंगनाथने खात्री करून घेतली.

"पिशवीबरोबर बीजकोशही काढलेत यांचे. त्यांतून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक मिळतं, ते रक्तवाहिन्या लवचिक ठेवतं, हृदयाला जपतं. इतक्या लवकर ते बंद झालं की धोका वाढतो."

"मला सत्तरीत काय झालं नाय," चिमणाबाई पुटपुटल्या.

"तुमची पाळी कधी गेली, आजी?"

"पन्नाशीत."

सगुणाने खाटेवरून सासूचा पदर धरला. "आत्याबाई, माझं जे व्हायचं ते झालं... मैनाची नका काढू."

चिमणाबाईंनी पदर सोडवून घेतला आणि त्या निघून गेल्या. दवाखान्यात पुन्हा फिरकल्याच नाहीत. मैनाची खाट कोणत्या वॉर्डात पडली असेल, या विचाराने सगुणाचा जीव रोज तुटत राहिला...

घरी आणलेल्या दिवशी तिने रिक्षातूनच पाहिलं: मैना वाफ्यात फुलं खुडत होती आणि बांधावर चिमणाबाई राखणीला बसल्या होत्या.

"नेलं तिला?" सगुणाने रिक्षातून उतरत विचारलं.

"नाय. बाहेरची हाय ती, दुसरा दिवस," चिमणाबाई उठून म्हणाल्या. "पहाटेपासून बघतेय. एक फूल कोमेजलं नाय, सगुणे... एकबी नाय. आन् तुझं मी..."

सगुणाला सहा वर्षांचं सगळं बोलायचं होतं.

"सावलीत बसा, आत्याबाई," ती म्हणाली, आणि बांधावर त्यांना टेकून बसली.