चादर वर सरकते

सिनेमातल्या चुका पकडायचा मला जुना नाद. नायकाचा भिजलेला सदरा पुढच्या शॉटमध्ये कोरडा दिसला, की मी शेजारच्याला कोपर मारणारच. ओळख नसली तरी. त्यातून मला दोन-चार कायमची गिऱ्हाइकं मिळालीत.

तर आमच्या चादरीच्या दुकानाची जाहिरात तयार झाली, तेव्हा भर दुपारी मी सिद्धारामच्या खोलीत चूक शोधायलाच बसलो. सिद्धाराम लग्नाचे व्हिडिओ जोडतो. खिडकीबाहेर हवा तो डोंगर लावून देतो. मॉडेलचा खर्च कशाला, म्हणून मी बायकोलाच, आमच्या शकुंतलेला, खाटेवर झोपवलं होतं. बाहेर सिद्धारामचा बर्फ, अंगावर आमची चादर. बस.

"सापडली," मी म्हटलं. "लांबून चादर कमरेवर, जवळून छातीवर."

त्याला पटेना. एकच शॉट मोठा करून लावलाय, चादर हलेलच कशी, असं त्याचं म्हणणं. वाद मिटवायला त्यानं पुन्हा चालवलं. या खेपेला चादर गळ्याशी होती. दोन्हीकडं.

"तू काही केलंस?"

"न्हाय काका..."

त्यानं कॅमेऱ्यातलं मूळ चित्रीकरण उघडलं. तिथं हनुवटी झाकलेली. चादर ओढणारा हात कुठंच दिसत नव्हता. ती मात्र दर खेपेला वर येत होती.

"बंद कर."

"केलं... पण सकाळीच सगळ्या ग्रुपवर टाकलीय की. तुमीच म्हणला."

मीच म्हटलं होतं. होटगीपासून अक्कलकोटपर्यंत एकही व्यापारी सुटू नये म्हणून. त्यानं ती काढून टाकली, पण लोकांनी ती कधीच पुढं धाडली होती. तेवढ्यात अक्कलकोटच्या चन्नप्पाचा फोन. जाहिरातीचं तोंडभर कौतुक झालं, मग हसत म्हणाला, "मालक, वैनींना उकडत न्हाय व्हय? नाकापत्तूर पांघरलंय की."

पुन्हा बघू नका म्हणून मी हात जोडले. त्याला थट्टा वाटली. दुकानात सगळ्यांना दाखवतोय म्हणाला.

मी घरी पळालो. शकुंतला पंख्याखाली आडवी होती. अंगावर पांघरूण नव्हतं, सोलापूरच्या मे महिन्यात कोण घेतं? तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती, आणि दोन्ही हातांनी नाकावरून काहीतरी खाली ढकलत होती. मी तिथं चाचपलं. बोटांना नुसती हवा लागली.

खाली गल्लीत कुणाच्या तरी मोबाईलवर जाहिरातीची धून सुरू झाली. मी खिडकीतून ओरडलो, बंद करा... धून संपली. वळून पाहिलं, तर तिचे हात डोळ्यांपाशी होते.