शंतनूने धरलेलं दार

पटणार नाही, पण शिरीषच्या बाबतीत हे खरंच घडलंय. गेल्या ईस्टरच्या सुट्टीत, न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चपासून तासाभरावर, स्कॉटलंडहून आलेल्या एका घराण्याच्या जुन्या इस्टेटीवर.

तिथे लाकूड सुकवायची शेड आहे. भिंती म्हणजे उभ्या फळ्या आणि मध्ये फटी. वारा आरपार जावा, ओलं लाकूड सावकाश सुकावं म्हणून. कडी फक्त बाहेरून. वाऱ्याने दार आपटतं, म्हणून एकाने आत जायचं, दुसऱ्याने दार धरायचं.

शिरीष इंजिनियर. डागडुजीसाठी मापं घ्यायला आत गेला. दार धरलं शंतनूने, ऑफिसातल्या जिवलग मित्राने.

"सोडू नकोस हं!"

"जा रे भित्र्या. आहे मी इथे."

आत फळ्यांच्या थप्प्या. शिरीष पार टोकाला पोचला.

आणि वारा थांबला...

इतक्या फटी, पण एक झुळूक नाही.

मागे दार हळूच मिटलं. कडी पडली.

"शंत्या, मस्करी पुरे!"

बाहेर गाडीचं दार वाजलं... मग दुसरं.

दुसरं कुणी लावलं?

त्याने फटीला डोळा लावला. गाडी निघाली होती. शंतनूच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं. निळं जॅकेट. शिरीषचं.

शिरीषने छाती चाचपली. जॅकेट अंगावरच होतं.

ओरडून ओरडून घसा सुकला, ओठ फुटले. संध्याकाळी इस्टेटीच्या राखणदाराने आवाज ऐकून कडी काढली आणि तो दोन पावलं मागे सरला.

"मेट, तू तर मघाशीच गेलास! मी हात केला, तूही केलास."

राखणदाराच्याच गाडीतून परतताना, रेंज आल्याबरोबर शिरीषने फोन लावला.

"मला कोंडून गेलास?"

"डोकं फिरलंय का?" शंतनू म्हणाला. "तुला घरी सोडून आलोय. सीट ओली केलीस साल्या. गाडीभर ओल्या लाकडाचा वास येतोय."

घरी बायकोने, कल्याणीने, दार उघडलं. तिचा चेहरा उतरला.

"मग... आत कोण झोपलंय?"

आत कुणीच नव्हतं. पलंगावरची चादर तेवढी ओलीचिंब.

"तुलासुद्धा कळलं नाही, कल्याणी?"

तिने चादरीवरून हात फिरवला.

"आज कधी नव्हे तो माझ्याजवळ बसलास. हसून बोललास. मला वाटलं..."



शंतनूवरचा राग केव्हाच गेला. पण ती चादर कल्याणीने धुतलेली नाही. कपाटात, साड्यांच्या खाली घडी करून ठेवली आहे. शिरीषला ठाऊक आहे. तो विचारत नाही.

परवा ती घरात नसताना त्याने हात लावून पाहिला...

अजून ओलीच आहे.