पकड, आयुष्य आणि शांतता

टायरच्या दुकानात येणारी माणसं साधारण दोन प्रकारची असतात : ज्यांचं पंक्चर झालेलं आहे ती, आणि ज्यांचं होणार आहे ती. हा गृहस्थ तिसऱ्याच प्रकारचा निघाला. शनिवारी अकराच्या सुमारास तो आत आला, भिंतीलगतच्या मांडणीपाशी उभा राहिला, एका नव्याकोऱ्या टायरवर बोटांच्या पेरांनी टकटक केलं आणि कान लावला. मग शेजारच्या टायरवर टकटक. मग पुन्हा पहिल्यावर.

टायरवाली जॅकशेजारी उकिडवी बसली होती. अकरा वर्षांत तिने टायरला लाथ मारणारे पाहिले होते, नखाने खरवडणारे पाहिले होते, वास घेऊन “हं” करणारेही पाहिले होते. ऐकणारा हा पहिलाच.

“कलिंगडं पलीकडच्या गल्लीत मिळतात,” ती म्हणाली.

तो ओशाळला नाही. टायरकडे पाहत म्हणाला, “हा जरा बसका वाजतो. गोड निघेल?”

तिला हसू आलं. ते तिने पान्याबरोबर खाली ठेवलं आणि उभी राहिली.

तो इस्पितळात लोकांचे कान तपासायचा. डॉक्टर नव्हे, काचेच्या खोलीत माणसाला बसवून, बाहेरून बारीक बारीक आवाज सोडून, “आता येतंय का ऐकू?” विचारणारा. त्याची गाडी बाहेर उभी होती. गडद हिरवी स्पोर्ट्स कार, इतकी बुटकी की तिच्यातून उतरणारा माणूस पाळण्यातून उठल्यासारखा दिसे. दात घासायचा ब्रशसुद्धा तीन दुकानं फिरून घेणाऱ्या या माणसाने ही गाडी सात मिनिटांत पसंत केली होती. मोठ्या बहिणीने त्याला अजून माफ केलं नव्हतं. तो मात्र रोज चौदा किलोमीटर जायचा, चौदा यायचा, आणि येताना बाजूच्या सीटवर भाजीची पिशवी बसवून तिला पट्टाही लावायचा.

टायरवालीने खाचांची खोली मोजली. “मागचे दोन मिलिमीटरला आलेत. पाऊस लागायच्या आत बदला.”

“शांत टायर असतो का हो? मला दिवसभर आवाजच ऐकायचे असतात.”

“पकड, आयुष्य आणि शांतता,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “तिन्हीपैकी दोन मिळतात. तिसरी मागायची नाही.”

“हे टायरचं झालं की माणसांचं?”

“टायरचं. माणसांत एक मिळालं तरी पुष्कळ.”

त्याने खिशातून वही काढली आणि हे लिहून घेतलं. तिथेच खरं तर गडबड झाली. आपण बोललेलं कोणी लिहून घेतंय याची टायरवालीला सवय नव्हती.

पुढच्या शनिवारी तो वहीत रकाने पाडून आला. तिने तीन टायर समोर मांडले. पहिला शर्यतीच्या ट्रॅकवर चालणारा. “कोरड्या रस्त्यावर घोरपडीसारखा चिकटतो. पावसात साबणाची वडी.” दुसरा दीर्घायुषी. “मरता मरत नाही. पण वळणावर स्टिअरिंग फिरवलंत, की तो अर्ज घेतो, शिक्का मारतो आणि मग गाडी वळते.” तिसरा या दोहोंच्या मधला : ओल्या रस्त्यावर भरवशाचा, वळणावर तल्लख, तीन वर्षं टिकणारा, जरासा गुणगुणणारा. रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारला हाच लागतो, हे तिला ठाऊक होतं. टायर चढवणाऱ्या वस्तादांना ठाऊक होतं. गल्ल्यावर बसून शब्दकोडं सोडवणाऱ्या तिच्या आत्यालाही – म्हणजे दुकानाच्या मालकिणीला – ठाऊक होतं.

तिसऱ्या शनिवारी त्यालाही कळलं. वही मिटत तो म्हणाला, “म्हणजे हाच, नाही का...”

आणि टायरवाली म्हणाली, “एक चौथाही आहे. तेवढा बघून घ्या.”

असं आपण का म्हणालो, याच्या खोलात ती गेली नाही. खोली मोजायचं साधन तिच्या खिशातच होतं, पण ते दुसऱ्या कामाचं.

चौथ्याच्या मागे पाचवा आला, पाचव्याच्या मागे सहावा. तो दर शनिवारी अकराला यायचा, स्टुलावर बसायचा, दोन कप चहा व्हायचा. दुकानात त्याचं नाव ‘शनिवार’ पडलं. तो टायरबद्दल एक प्रश्न विचारायचा आणि बाकीचे दहा इतर. बोटाला काय लागलं? रविवारी काय करता? हसताना मान खाली का घालता?

“तुम्ही चाचणी घेताय का माझी?”

“अजून कुठे... अजून तुम्हाला आत बसवलेलंच नाही.”

ती मान खाली घालून हसली, आणि घातल्याचं लक्षात आल्यावर वर केली, तर तो बघतच होता.

आत्या सगळं ऐकत असे. “अगं, लग्नंसुद्धा तीन बैठकांत ठरतात,” ती एकदा शब्दकोड्यातून मान न काढता म्हणाली. “याचे टायर सहाव्या बैठकीला आलेत.”

“आत्या, तो नीट विचार करणारा माणूस आहे.”

“असेल. पण तू त्याचा विचार संपू देत नाहीस. हाती आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी बाई मी आजच बघते आहे.”

टायरवालीने ते थट्टेवारी नेलं. थट्टेवारी न जाणारी गोष्ट वेगळीच होती. एरवी दोन मिलिमीटरवर आलेल्या एका टॅक्सीवाल्याची किल्ली तिने काढून घेतली होती आणि बदलल्याशिवाय दिली नव्हती. या गाडीचे टायर ती दर शनिवारी मोजत होती, आकडा दर शनिवारी खाली येत होता, आणि ती दर शनिवारी म्हणत होती, “चालतील आठवडाभर. जपून चालवा.” टायर विकले की तीन वर्षं तो या दारात येणार नाही. नाही विकले तर... त्या ‘तर’च्या पुढे ती जात नसे. सहाव्या शनिवारी ती म्हणाली, “एक सातवा पण आहे,” आणि एक नाव सांगून टाकलं. त्याने लिहून घेतलं.

सातव्या शनिवारी पाऊस होता. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. टायरवाली तीनदा दारापर्यंत जाऊन आली. तिन्ही वेळा तिथे तिचं काही काम नव्हतं. बाराला वीस कमी असताना हिरवी गाडी आली. तो भिजलेला होता आणि हसत होता. असं हसणं काहीतरी लपवायला वापरतात.

“गाडीने आज स्वतःच्या मनाचं केलं,” तो म्हणाला. “शाळेपाशी ब्रेक दाबला. गाडी म्हणाली, थांबू, पण आडवी होऊन थांबू. समोर एक आजी रस्ता ओलांडत होत्या. माझ्यात आणि त्यांच्यात एका छत्रीचं अंतर राहिलं. त्यांनी त्याच छत्रीने बॉनेटवर दोन टपल्या मारल्या, मला काहीतरी म्हणाल्या... काच बंद होती म्हणून वाचलो.”

आत्या हसली नाही. वस्तादांनी मशीन बंद केलं. टायरवाली पावसात बाहेर गेली, मागच्या चाकाशी बसली आणि खाच मोजली. मग पुन्हा मोजली, जणू दुसऱ्या खेपेला आकड्याला तिची दया येणार होती. छत्री किती लांब असते? तीन फूट? त्या तीन फुटांत आपण उगाच वाढवलेले किती टायर होते – चौथा, पाचवा, सहावा, सातवा...

ती आत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

“वस्ताद, गाडी आत घ्या.”

“पण आपलं त्या सातव्याचं अजून–” तो म्हणू लागला.

“सातव्याचं काही नाही. टायर बदलल्याशिवाय ही गाडी आज रस्त्यावर जाणार नाही. पाच मिनिटं देते. कुठला?”

त्याने वही उघडली. मिटली. पावसाकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, “यातला सगळ्यात लवकर झिजणारा कुठला?”

“काय?”

“म्हणजे... वर्षभरात झिजेल असा. सहा महिन्यांत झिजला तरी – माझी तक्रार नसेल.”

आत्याने चष्मा काढला. शब्दकोड्यात आता कोणालाच रस राहिला नव्हता.

जे ऐकायला टायरवाली सात शनिवार थांबली होती, ते हेच. सांगायला तो असा दिवस निवडेल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं. आणि तसा टायर समोरच होता : पहिला, घोरपडीसारखा चिकटणारा. तो दिला की वर्ष संपायच्या आत माणूस परत हजर. फक्त मधल्या काळात पाऊस पडायला नको होता.

“तो मी तुम्हाला देणार नाही,” ती म्हणाली.

“गिऱ्हाईक मागतंय.”

“गिऱ्हाइकाने मागितलं म्हणून काहीही द्यायला हे दुकान म्हणजे आजोळ नाही. तिसरा घ्या. पावसात थांबतो. तीन वर्षं चालेल.”

“तीन वर्षं,” तो म्हणाला. शिक्षा ऐकून घेताना माणसं म्हणतात तसं.

“जपून चालवलंत तर साडेतीन.”

टायर चढले. तो चाकांभोवती फिरत राहिला. “यांची मागे-पुढे अदलाबदल नाही करावी लागत? माझ्या बहिणीच्या गाडीची दर सहा महिन्यांनी करतात.”

“तुमचे मागचे रुंद आहेत, पुढचे अरुंद. बदलता येत नाहीत.”

“आणि हवा?”

“हवा पेट्रोल पंपावर मिळते.”

प्रत्येक उत्तर तिला खोटं देता आलं असतं. पण टायरच्या बाबतीत खोटं बोलण्याचा तिचा कोटा त्या तीन फुटांत संपला होता. ती खरं बोलत राहिली आणि तो एकेक दार बंद होताना पाहत राहिला.

वस्ताद अकरा वर्षांत जेमतेम चाळीस वाक्यं बोलले असतील. एक्केचाळिसावं त्यांनी पाना पुसत पुसत टाकलं. “शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्यायचे असतात.”

टायरवालीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. नियम खरा होता. ती तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. आज नेमका विसरली होती.

“हो,” ती म्हणाली. “शंभर झाले की या. आठवडाभरात होतीलच.”

त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि निघून गेला.

आठवडा. आठवड्याने तो येईल, पाच मिनिटं थांबेल, आणि मग तीन वर्षं. जपून चालवलं तर साडेतीन. दुपारभर तिने तीन गाड्या केल्या आणि चौथ्या गाडीच्या मालकाला विनाकारण झापलं. साडेपाचला वस्ताद हात धूत होते, आत्या कुलूप शोधत होती, आणि हिरवी गाडी दारात येऊन उभी राहिली.

तो पाळण्यातून उठला. “एकशे चार,” तो म्हणाला.

“एकशे चार काय?”

“किलोमीटर.”

“दुपारपासून? कुठे गेला होतात?”

“कुठेच नाही. गावाबाहेरच्या वळणरस्त्याला चकरा मारल्या. चौथ्या खेपेला नाक्यावरच्या पोलिसाने थांबवलं. म्हणाला, साहेब, काही हरवलंय का? म्हटलं, नाही हो, नट आवळायचेत.”

टायरवालीने पाना घेतला आणि पहिल्या चाकाशी बसली. वीस नट. प्रत्येकाला एक टिक् असा आवाज. एकही ढिला नव्हता. तो शेजारी उकिडवा बसला, कारण उभ्याने बोलण्यासारखं काही नव्हतं. चौथ्या चाकाशी ती खालीच बघत म्हणाली, “मला एक सांगायचंय. तुमचा टायर तिसऱ्या शनिवारीच ठरला होता. पुढचे चार मी वाढवले. आज त्या आजींना काही झालं असतं, तर ते–”

“सातवा आपल्या मापात बनतच नाही.”

पाना हवेत राहिला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“त्याच संध्याकाळी शोधलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“आमच्या चाचणीत... आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. काही लोक आवाज नसतानाही दाबतात. खोटं बोलायचं म्हणून नाही. त्यांना तो ऐकू यावा असं फार वाटत असतं. म्हटलं, आपणही त्यातलेच असू.”

पाऊस पत्र्यावर वाजत होता. शेवटचा नट राहिला होता. तिने तो आवळला. टिक्.

“आवाज होता,” ती म्हणाली.

त्याने वही काढली नाही. हे त्याला लिहून घ्यावं लागलं नाही.

“नट संपले असतील तर मी शटर ओढते,” आत्या दारातून म्हणाली. “नसतील संपले तर चावी ठेवून जाते.”

दोघं एकदम उभे राहिले, आणि एकदम उभं राहिल्यामुळे फार जवळ उभे राहिले.

“मग आता... परत कधी यायचं?” त्याने विचारलं.

“नव्या टायरवर एक गुळगुळीत थर असतो,” टायरवाली हात पुसत म्हणाली. नखांतलं काळं निघत नव्हतं. आज तिने ते लपवलं नाही. “पहिले तीनशे किलोमीटर जपावं लागतं. तो गेल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही.”

“म्हणजे एकशे शहाण्णव उरले.”

“उरले.”

“एकट्याने फार कंटाळवाणं होतं हो. पोलीसही आता ओळखतो.”

ती गाडीला वळसा घालून गेली, भाजीच्या सीटवर दुमडून बसली आणि पट्टा लावला. टायर किंचित गुणगुणत होते. तक्रार करावी इतका तो आवाज नव्हता. निम्म्या रस्त्यात तिने त्याच्यासमोरच्या काट्याकडे पाहिलं : ताशी तीस. इतकं जपायला तिनेही सांगितलं नव्हतं. मागून घंटी वाजली, आणि रेनकोट घातलेले एक पोक्त गृहस्थ सायकलवरून त्या स्पोर्ट्स कारला मागे टाकून, एकदा वळून बघून, पुढे निघून गेले.

“जाऊ दे त्यांना,” टायरवाली म्हणाली.