पुसलेली टेप

"ही नको लावूस," आत्या म्हणाली, आणि तिने भाचीच्या हातातली टेप अशी काही ओढली, की आयुष्यात कुणाकडून कधी काही हिसकावून न घेतलेल्या त्या बाईला आपल्याच हाताचं नवल वाटलं.

भाची बघतच राहिली. लोकांच्या घरच्या जुन्या व्हिडिओ टेप कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते कापायचं, हवं ते जोडून द्यायचं, हाच तिचा व्यवसाय. लहानपणी पाय एका जागी ठरत नसत म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, ते आजतागायत चालू होतं. परक्यांची लग्नं आणि परक्यांची बाळं पाहून तिचे डोळे थकत, आणि स्वतःच्या आईचा मात्र एक हलता क्षणसुद्धा तिच्यापाशी नव्हता. फोटो होते, पण फोटोतली आई बोलत नाही, वळून बघत नाही... आज आत्याच्या कपाटात, पांघरुणांच्या तळाशी, वडिलांच्या अक्षरात "ती आणि भिंगरी" लिहिलेली ही टेप सापडली, आणि तिने ओळखलं, हीच ती.

हो, हीच ती! घरात सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीही जिचा विषय न काढलेली. भिंगरीची आई गेली तेव्हा पोर जेमतेम तीन वर्षांची. मागे उरली ती ही एक टेप. भिंगरीचा बाप रोज संध्याकाळी कॅमेरा टीव्हीला जोडून ती बघत बसे, आणि बघून झाली की पुन्हा सुरुवातीला आणून कॅमेऱ्यातच ठेवी. एक दिवस आत्याने त्याला सांगितलं, की माझ्या हातून त्यावर चुकून दुसरंच रेकॉर्ड झालं... पुसली गेली. भावाने ती लावूनसुद्धा पाहिली नाही. त्याने टेप भिंतीवर भिरकावली, कॅमेरा विकून टाकला आणि बहिणीशी बोलणं टाकलं, तेही एका छपराखाली राहून. "आत्याला सांग, दूध संपलंय," असं तो लेकीला सांगे, तेव्हा आत्या त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी असे. त्या माउलीने आधीच शाळेतली नोकरी सोडली होती, ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. आता अबोलाही गिळला, आणि आईविना पोरीला हसतमुखाने लहानाची मोठी केली.

"असू दे ना पुसलेली," भिंगरी म्हणाली. "वर काय आहे ते तरी बघू. तू तेव्हा काय काढत होतीस, हे कधी कुणी विचारलंच नाही तुला."

पण आत्याने तेव्हा काहीच काढलं नव्हतं! त्या दुपारी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तर कॅमेरा खुर्चीवर, त्याचा दिवा लागलेला, आणि समोर मांडी घालून बसलेली चिमुरडी भिंगरी. बापाचा उरलासुरला आधार पोरीनेच खेळता खेळता पुसला होता. हातातला ओला फडका खाली ठेवायच्या आत आत्याने ठरवलं, की खापर फुटेल ते आपल्याच डोक्यावर फुटेल. "स्वतःच्या आईला मीच पुसलं," हे वाक्य या मुलीच्या तोंडून कधी येऊ नये, एवढ्यासाठी तिने जन्म काढला... आणि आता ते सगळं तिच्या मुठीत होतं.

पण भिंगरी तिचं एकेक बोट हळूच सोडवत होती. या मुलीला नाही म्हणायची सवयच आत्याने स्वतःला लावून घेतली नव्हती. टेप यंत्रात गेली.

जुनी फीत मध्येच थांबवली तर तुटायची भीती, म्हणून एकदा लावली की शेवटपर्यंत चालू द्यायची, हा भिंगरीच्या कामाचा शिरस्ता. पडद्यावर रेघा धावल्या, आणि एक चिमुकली मुलगी दिसली. ती कॅमेऱ्याच्या अगदी जवळ तोंड आणून बोलली.

"आई, दाबलं मी. आता ये."

ती थांबली. मागे वळून दाराकडे पाहून आली.

"ये ना. बरं, मी डोळे मिटते."

आणि ती खरंच डोळे घट्ट मिटून बसली.

आत्याच्या आत्ता लक्षात आलं. हा खेळ नव्हता... इतकी वर्षं तिने जे पोटात ठेवलं होतं, तेही तिला पुरतं कळलेलं नव्हतं! मागे खुडबुड झाली म्हणून तिने पाहिलं, तर दाराच्या चौकटीला धरून भाऊ उभा होता. तो आवाज ऐकून तो कधी आला, कुणालाच कळलं नाही.

"ती मी आहे," भिंगरी पुटपुटली. "आत्या, मी पुसलंय. स्वतःच्या आईला मीच पुसलं. आणि तू..."

"तुझ्या बाबाला तेव्हा रागवायला कुणीतरी हवं होतं गं," आत्या कशीबशी म्हणाली. "तू फार लहान होतीस. मला झेपलं असतं."

भाऊ आत आला तो तिच्या पायाशीच बसला. "मी एकदा विचारायला हवं होतं, ताई," तो म्हणाला, आणि त्या पिकल्या केसांच्या माणसाने बहिणीच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. भावावरचा तिचा राग कधीच विरला होता. पण भिंगरी ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत होती, आणि त्यावर आत्याकडे काही म्हणजे काही इलाज नव्हता.

पडद्यावर ती चिमुरडी अजून डोळे मिटून वाट बघत होती. तेवढ्यात दोन पावलं आली, तरुण आत्या वाकली, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि तिचा हात कॅमेऱ्यावर येऊन सगळं बंद झालं. यंत्र बंद करायचं भान कुणालाच नव्हतं. चित्र फाटल्यासारखं हललं, पांढरे ठिपके उसळले... आणि एक बाई हसली.

लेकराने जेवढं रेकॉर्ड केलं, तेवढंच पुसलं गेलं होतं! त्याच्या पुढचं सारं जसंच्या तसं त्या पांघरुणांखाली पडून होतं, आणि कुणी कधी तिथवर गेलंच नव्हतं. केस मोकळे सोडून जमिनीवर बसलेली ती, मांडीत कॅमेऱ्याकडे झेपावणारी भिंगरी, आणि कॅमेऱ्यामागून भावाचा तरुण आवाज, की तिला हात लावू देऊ नकोस, मोडेल.

"मोडू दे हो," ती म्हणाली. "इकडे ये, भिंगरे. हे लाल बटण बघ. हे दाबलं ना, की आई दिसते."

चित्र क्षणभर गेलं आणि पुन्हा आलं, तेव्हा ते तिरपं होतं, थरथरत होतं. आधी नुसता खांदा, मग अर्धं कपाळ, आणि मग एकदम सगळा पडदा व्यापून तिचा चेहरा. भुवईतला तीळ, किंचित वाकडा दात, ओलसर पापण्या... साक्षात!

भिंगरी पडद्यापाशी गेली. "हे कुणी काढलंय?"

"तू," बाप म्हणाला. "मला ती इतक्या जवळून कधी काढू द्यायची नाही."

आत्याने भावाचा हात घट्ट धरला. पडद्यावरची ती कॅमेरा धरणाऱ्या इवल्या हातांकडे बघत होती, नजर न हलवता.

"दिसले का गं मी?" तिने विचारलं. लहानगी काहीच बोलली नाही. तिने आणखी जवळ येऊन पुन्हा विचारलं, "सांग ना, दिसले?"

"दिसलीस," भिंगरी म्हणाली.